दोन उन्हाळे आणि एक पावसाळा पाहिलेलं काम: भाड्याच्या खोल्यांसाठी गुत्तेदार आणि वायरमन कसा शोधायचा

जून लागला की लातुरात रिक्षांमधून गाद्या, बादल्या आणि पुस्तकांची खोकी फिरायला लागतात. नीट-जेईईची पोरं खोल्या शोधत असतात आणि शहरात ज्याचा एखादा प्लॉट पडून आहे त्याच्या डोक्यात आठ-दहा खोल्या काढायचा विचार घोळायला लागतो. संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्याच्या कामगारांसाठी, नांदेडला विद्यार्थ्यांसाठी हेच चालतं. गंमत अशी की यातले निम्मे मालक इथं राहतच नाहीत. नोकरी पुण्यात, प्लॉट गावाकडं आणि बांधकाम फोनवर.

मीही असाच फोनवर बांधायला निघालो होतो. पहिल्या सहा खोल्या झाल्या, पण त्यात जेवढा पैसा वीट-सिमेंटात गेला त्याच्या चौथाई चुकीची माणसं निवडल्यामुळं पुन्हा तोडण्या-जोडण्यात गेला. पुढच्या पाच खोल्या आणि बहिणीचं घर त्या मानानं सुखानं झालं. तेव्हा जे कळलं ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमानं सांगतो.

आधी कागद, मग माणूस

आमच्याकडं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. गुत्तेदाराला प्लॉटवर बोलावून "किती लागतील हो?" असं विचारणं ही पहिली चूक. तो हवेत एक आकडा सांगतो, आपण हवेतच घासाघीस करतो आणि पुढं सहा महिने "ते त्यात नव्हतं मालक" हे वाक्य ऐकत बसतो.

त्याआधी इंजिनिअरकडून नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढून घ्या. फी देताना जीवावर येतं, खरं आहे. पण मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही तेच करायला लावते. पाया कुठपर्यंत न्यायचा, मुरूम किती फुटांवर लागतो, बीम कुठं हवेत हे त्या जागेवर खड्डा घेऊन ठरतं, "शेजारी पाच फुटांवर लागला होता" यावर नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना जड माळवद (मातीचं छत) आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसाचं काय करतात हे सांगावं लागत नाही. जुना वाडा घेऊन दुरुस्त करायचा असेल तर गुत्तेदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. यात काटकसर नको.

प्लॉट एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेला, गुंठेवारीतला असेल तर नियमित झालाय का, बांधकाम परवाना कुणाच्या नावानं निघणार, हे याच टप्प्यावर मिटवा. त्यावर वेगळा लेख होईल.

मग ठरवा की काम मजुरीवर द्यायचं की मटेरियलसह. मजुरीवर दिलं तर सिमेंट, सळई, वाळू, विटा तुम्ही आणायच्या आणि गुत्तेदार फक्त माणसं लावणार. पैसे वाचतात, पण रोज कुणीतरी प्लॉटवर हवं, नाहीतर दहा गोण्या कमी कशा पडल्या ते कधीच कळत नाही. मटेरियलसह दिलं तर डोक्याला ताप कमी, मात्र कोणत्या कंपनीचं सिमेंट, कोणती सळई, कोणती वायर हे नावानिशी लिहून घ्यावं लागतं. "चांगल्या क्वालिटीचं" हा शब्द करारात दिसला की पेन काढून खोडा. पुण्यात बसून बांधणाऱ्यानं मजुरीच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. घरात रिकामा आणि हिशोबी मामा असेल तर गोष्ट वेगळी.

माणूस कुठं विचारायचा

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर नाव लगेच मिळतं. पण दुकानदार ज्याचं नाव सांगतो तो बहुतेक वेळा त्याच दुकानातून माल उचलणारा असतो आणि बिलात त्याचा टक्का असतो. ते नाव घ्या, पण यादीत खाली लिहा.

माझा भरवसा सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या साच्या-टेकूंचं, सामान भाड्यानं देणाऱ्यावर आहे. प्लेटा आणि बल्ल्या रोजाच्या भाड्यावर जातात. कोणता गुत्तेदार स्लॅब टाकून महिनाभर गायब होतो, कोण भाडं बुडवतो, कोण सात-आठ दिवसांतच बल्ल्या काढायची घाई करतो, हे सगळं त्याच्या वहीत असतं. आमच्या इथल्या एका मामांना मी तीन नावं विचारली. पहिल्यावर ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्यावर हसले. तिसऱ्याला म्हणाले, "ह्यो जरा कुरकुऱ्या हाय, पण सामान मोजून नेतो आन् मोजून आणून देतो." तो कुरकुऱ्या माणूस आज माझं सगळं काम करतो.

दुसरी जागा म्हणजे वीटभट्टीवाला किंवा सिमेंटचा होलसेल व्यापारी. त्याला काम कसं करतो विचारू नका, उधारी कशी फेडतो ते विचारा. ज्याच्यावर तीन जणांची उधारी आहे तो तुमच्या स्लॅबच्या पैशातून आधीच्या माणसाचं प्लास्टर करणार, हे ठरलेलं.

वायरमनसाठी सरळ आयटीआयच्या निदेशकांना विचारा. तिथं वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे ट्रेड आहेत, दोन्ही दोन वर्षांचे. तिथून शिकून बाहेर पडलेली, चार-पाच वर्षं हाताखाली काम केलेली पोरं कुठं काम करतात हे सरांना ठाऊक असतं. एक लक्षात ठेवा, बोअरची मोटार बांधणारा आणि घराचं वायरिंग करणारा ही दोन वेगळी कामं आहेत. वाइंडिंगमध्ये हुशार असलेल्या माणसानं डीबी, म्हणजे घराच्या विजेच्या लाइन वाटणारी पेटी, भरलेला मी पाहिलाय. मोटार झकास चालायची.

जुनं काम बघायला जा, नवं नाही

प्रत्येक गुत्तेदार तुम्हाला नुकतं रंगवलेलं घर दाखवायला नेतो. रंग ताजा असला की कोणतंही काम चांगलंच दिसतं. त्याला सांगा, "दोन-तीन वर्षांपूर्वीचं दाखवा." दोन उन्हाळे आणि निदान एक धो-धो पावसाळा ज्या घरानं काढलाय तेच घर खरं बोलतं. कामच दाखवायला तयार नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

तिथं गेल्यावर आधी बाहेरून एक फेरी मारा. जोत्याच्या आणि जमिनीच्या सांध्यावर भेग आहे का बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही प्लास्टरच्या केसासारख्या बारीक रेषांपेक्षा वेगळी असते. तिच्यात नाणं शिरत असेल तर पाया किंवा लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) यापैकी कुणीतरी दगा दिलाय. मग गच्चीवर जा आणि एक बादली पाणी ओता. पाणी पाइपाकडं धावतंय की मध्येच तळं करून बसतंय ते दोन मिनिटांत दिसतं. खाली आलात की संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावा. ओल हाताला कळते, रंगानं लपत नाही. दारं पावसाळ्यात घासतात का तेही विचारा.

विजेचं बघताना डीबीचं झाकण उघडायला लावा, मालकाची परवानगी घेऊन आणि हात खिशात ठेवून. वायरी वळणानं, पट्टीनं बांधून, नंबर टाकून बसवल्यात की शेवयांचा गुंता आहे? कोणता एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) कोणत्या खोलीचा हे लिहिलंय का? सॉकेटभोवती तपकिरी डाग असतील तर तिथं काहीतरी तापतंय.

आणि मालकापेक्षा भाडेकरूशी बोला. मालक तक्रार करत नाही, त्याला स्वतःचीच निवड चुकली असं म्हणायचं नसतं. भाडेकरू मात्र सगळं सांगतो: लाइट किती वेळा जाते, नळाला करंट कधी लागला होता का, फोन केला तर माणूस किती दिवसांनी येतो.

वायरमनची पारख: तो तुम्हाला काय विचारतो

इथं मी जरा जास्त वेळ घेणार, कारण माझं नुकसान इथंच झालं.

पहिल्या सहा खोल्यांना मी पॉइंटच्या भावावर काम दिलं होतं. इतके लाइट पॉइंट, इतके पॉवर पॉइंट, गुणिले दर. वायरमन स्वस्त होता, हसतमुख होता आणि त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला ते हुशारीचं लक्षण वाटलं होतं.

डिसेंबरात थंडी पडली. सकाळी सहा वाजता सहाही खोल्यांतली पोरं बादलीत हीटरचा रॉड टाकायची. एक रॉड साधारण १,५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. सहा रॉड म्हणजे ९,००० वॅट, जवळजवळ ३९ अँपिअर. मीटरपासून डीबीपर्यंत आलेली वायर होती ४ चौरस मिलिमीटरची. रोज सकाळी मुख्य एमसीबी पडायचा. मी वायरमनला फोन केला. तो आला, ३२ अँपिअरचा एमसीबी काढून ६३ चा बसवला आणि म्हणाला, "आता पडणार नाही मालक." खरंच पडला नाही. दहा दिवसांनी पहाटे मीटरच्या पेटीतला जोड वितळला, प्लॅस्टिकच्या जळक्या वासानं पोरं जागी झाली. एकानं शहाणपणानं कटआउट ओढला म्हणून निभावलं.

एमसीबी पडतो तो वायर वाचवायला. पडतोय म्हणून मोठा बसवणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून चोराला दार उघडं ठेवणं. वायरमनशी बोलताना मुद्दाम विचारा: "एमसीबी सारखा पडला तर काय कराल?" "मोठा टाकू" म्हणाला की विषय संपला. "आधी लोड मोजू, वायर बघू" म्हणाला तर पुढं बोला.

दुसऱ्या वेळी मी ज्याला काम दिलं त्यानं भाव सांगायच्या आधी मलाच झोडपलं. "खोलीत पोरं किती? कूलर कोण आणणार, तुम्ही का पोरं? रॉड वापरू देणार का सोलर लावणार? इंडक्शनवर मॅगी करतेत का? बोअरची मोटार याच मीटरवर? मग थ्री फेज लागंल की!" मला आधी वाटलं हा फार बोलतो. पण त्याच बोलण्यातून त्यानं लोडची यादी केली आणि तिच्यावरून वायर ठरवली. भाड्याच्या खोलीत भाडेकरू काय वापरतो यावर आपला ताबा नसतो, म्हणून वायरिंग त्याच्या सवयींना पुरेल असं हवं. आपलं घर असतं तर गोष्ट वेगळी.

नव्या माणसाला अंदाज यावा म्हणून साधारण पद्धत सांगतो. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. पॉवर सॉकेटला अडीच आणि १६ अँपिअर. गिझर, एसी यांना ४ आणि वेगळी लाइन. प्रत्येक खोलीचा स्वतःचा एमसीबी हवा, म्हणजे एका खोलीतला शॉर्ट साऱ्या इमारतीला अंधारात बसवत नाही. शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच. ओल्या हातानं रॉडला हात लागला तर क्षणात पुरवठा तोडतो तो हाच, एमसीबी नाही. काही वायरमन याला नाकं मुरडतात, "सारखा ट्रिप होतो" म्हणतात. सारखा ट्रिप होत असेल तर कुठंतरी गळती आहे, ती शोधणं हेच त्याचं काम. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. मुख्य केबल किती जाडीची हे मात्र माझ्या लेखावरून ठरवू नका, लोड आणि अंतर मोजूनच ठरवा.

अर्थिंगबद्दल मराठवाड्यातला एक खास त्रास आहे. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. पावसाळ्यात झकास असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं आणि नेमके तेव्हाच लोखंडी कूलर रात्रभर चालू असतात. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याच्या बातम्या वाचतो, त्यातल्या काही अशाच घरांतल्या असाव्यात. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यावर चेंबर आणि पाणी ओतायला नरसाळं हवं, दर उन्हाळ्यात तिथं बादली-दोन बादल्या ओतायला हव्यात आणि काम संपताना अर्थ टेस्टरवर मोजून आकडा लिहून घ्यायला हवा. "मेगर आहे का तुमच्याकडं?" हाही प्रश्न विचारून बघा; वायरीचं इन्सुलेशन तपासायचं ते यंत्र. स्वतःचा नसला तरी कुठून आणायचा हे त्याला माहीत असावं.

वायर दुकानातून आली की बंडलावरची आयएसआय खूण आणि तिच्या खालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. मिनिटाचं काम आहे. खोटा असेल तर ॲपच सांगतं.

आता परवान्याचं. नव्या जोडणीसाठी महावितरणला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वीजसुरक्षेच्या नियमांनुसारही वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानं, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? काम एक जण करतो आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची, ज्यानं ती इमारत पाहिलेलीसुद्धा नाही. तुम्ही आधीच विचारा: सही कुणाची असणार? परवान्याची प्रत घ्या, मुदत संपली नाही ना ते बघा आणि सही करणाऱ्यानं प्लास्टरच्या आधी एकदा आणि काम झाल्यावर एकदा येऊन बघायचं, ही अट घाला. चार पैसे जास्त लागतील. द्या.

मीटर शक्यतो प्रत्येक घराला वेगळा घ्या. एकाच मीटरवर सगळं घेऊन आत सबमीटर लावले की एकूण युनिट वरच्या टप्प्यात जातात. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळं दहा खोल्यांचं मिळून येणारं बिल महागच पडतं आणि महिनाअखेरीला पोरांशी वाद होतो तो वेगळा. विद्यार्थ्यांच्या खोल्यांना कोणती वर्गवारी लागेल ते उपविभागीय कार्यालयात विचारून ठेवा.

भाव मागताना

तीन जणांकडून भाव घ्या, पण तिघांनाही एकच कागद द्या. नाहीतर एकाच्या भावात टाकी असते, दुसऱ्याच्या नसते आणि आपण स्वस्त कोण ते ठरवत बसतो. चौरस फुटाचा दर ऐकला की लगेच विचारायचं: फूट कशाचे मोजणार? स्लॅबचे की भिंतीच्या आतले? बाल्कनी पूर्ण धरणार की अर्धी? जिन्यावरची टॉवर रूम धरली का? सज्जे? पॅरापेट, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड, बाहेरची फरशी यातलं काय त्या दरात आहे? बहिणीच्या घराला सगळ्यात कमी दर सांगणाऱ्यानं सज्जेसुद्धा मोजले होते. बेरीज केली तर तोच सगळ्यात महाग.

सगळ्यात कमी भाव आणि बाकी दोघांच्या भावात फार अंतर असेल तर तो माणूस एकतर काही विसरलाय, नाहीतर काम अर्ध्यात सोडून भाव वाढवून मागणार आहे.

उचल, टप्पे आणि स्टॅम्प

गुत्तेदार आधी मोठी उचल मागतो. "माणसं बांधून ठेवायचीत मालक." त्यात खोटं काही नसतं. इथली बिगाऱ्याची माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला उचल घेऊन निघून जातात, बीड-धाराशिवच्या बाजूला तर विशेष. मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. परराज्यातली असतील तर छठ आणि होळीला गावी जातात. मृगाचा पाऊस पडला की इथली पेरणीला. म्हणजे काम सुरू करायच्या तारखेला गुत्तेदाराला विचारा, दसरा ते होळी तुझी माणसं कोण? ज्याच्याकडं याचं उत्तर तयार असतं तो धंदा करतोय. बाकीचे जुगार खेळतायत.

उचल द्या, पण पहिल्या टप्प्याच्या मजुरीच्या आतली. पुढचे पैसे कामाच्या टप्प्यावर: जोता, कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, शेवटी रंग. झालेल्या कामापेक्षा दिलेले पैसे कधीही पुढं जाऊ द्यायचे नाहीत. "पोरीचं लग्न आहे" म्हणून मागितले तर हातउसने द्या, वेगळी चिठ्ठी करून, पण टप्प्यात मिसळू नका. मी मिसळले होते. लग्न छान झालं, स्लॅब पावसाळ्यात गेला.

करार स्टॅम्पवर करा. शंभरचा स्टॅम्प आता चालत नाही, २०२४ च्या ऑक्टोबरपासून किमान पाचशेचा लागतो. मोठ्या रकमेच्या कामाला किती मुद्रांक शुल्क ते वकिलाला विचारा. त्यात नकाशाची सही केलेली प्रत, टप्पे, मालाची नावं, मोजमापाची पद्धत, कामाची मुदत आणि वाढीव कामाचा दर एवढं असलंच पाहिजे. वाढीव काम सुरू करायच्या आधी मोबाइलवर लिहून "होय" घ्यायचं, तोंडी नाही. पैसे बँकेतून द्या.

शेवटची गोष्ट म्हणजे राखीव रक्कम. एकूण मजुरीच्या पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायची, असं करारातच लिहा. गुत्तेदार कां-कूं करतो. माझा कुरकुऱ्या म्हणाला, "म्हणजे माझ्यावर इस्वास नाही?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे हो, गच्चीवर नाही." मग तयार झाला.

मजुरांचा विमा आहे का हेही याच बैठकीत विचारा. माणूस परांचीवरून पडला तर पोलीस असोत की नातेवाईक, आधी मालकाचंच दार ठोठावतात. त्याच्या माणसांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी झालीय का ते बघा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि तो गुत्तेदाराला देता येतो. ज्याची माणसं नोंदलेली आहेत, त्याच्याकडं माणसं टिकतात.

आधी छोटं काम

घाई नसेल तर सगळं काम एकदम हातात देऊ नका. गुत्तेदाराला आधी कंपाउंडची एक बाजू, वायरमनला जुन्या घरातली एक खोली. तो सांगितलेल्या दिवशी येतो का, उरलेला माल परत देतो का, जागा झाडून जातो का हे बघा. झाडून जाणारा माणूस मला आजवर फसवून गेलेला नाही. यामागचं शास्त्र मला सांगता येणार नाही.

काम चालू असताना लांबून लक्ष

सळई जालन्याहून येवो की कुठून, उतरवताना काट्यावर घाला. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरमागे किलो मिळतात. म्हणजे १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो. दहा सळया १०७ किलोच्या आसपास भरल्या पाहिजेत. पाचेक टक्के इकडं-तिकडं चालतं, त्याहून हलकी असेल तर ट्रक परत.

स्लॅबच्या आदल्या दिवशी इंजिनिअर सळई तपासेल, त्याची सही घेतल्याशिवाय काँक्रीट नाही. रिंगांचे हूक आत वळवलेत का आणि सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) आहेत की विटेचे तुकडे, एवढं तुम्हीही व्हिडिओ कॉलवर बघू शकता. विटेचे तुकडे दिसले तर काढायला लावा, लाजू नका.

पाणी मारणं हा आमच्याकडचा खरा वीक पॉइंट. पोर्टलँड पॉझोलाना सिमेंटला एरवी निदान दहा दिवस आणि कोरड्या उन्हाळ्यात चौदा दिवस ओल राहिली पाहिजे. दुकानात बहुतेक गोण्या त्याच सिमेंटच्या असतात. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि टँकर विकत घ्यावा लागतो, त्यामुळं तिसऱ्या दिवसापासूनच "झालं की आता" सुरू होतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात स्लॅबवर पाणी मारायला मलाच लाज वाटली असती. जमलं तर स्लॅब दिवाळीनंतर टाका. नाहीतर गच्चीवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि पाण्याचा खर्च करारात स्वतःकडं घ्या, म्हणजे वाचवायचा मोह कुणाला होणार नाही.

वायरमनचं पाइप टाकून झालं आणि प्लास्टर व्हायचंय, तो एक दिवस सगळ्यात मोलाचा. सुट्टी काढून या. प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा: पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर, जमिनीपासून किती. दोन वर्षांनी कुणी भाडेकरू कपाट ठोकायला ड्रिल घेऊन उभा राहिला की ते फोटोच कामाला येतात. पाइप इतका गच्च भरू देऊ नका की नंतर एक वायरही ओढता येणार नाही. काम संपलं की डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला खोल्यांचे नंबर, वायरची जाडी, अर्थिंगचा मोजलेला आकडा आणि वायरमनचं नाव-फोन लिहून वर प्लॅस्टिक चिकटवून घ्या. पोरं रात्री दोनला फोन करतील तेव्हा तो तुम्हाला न येता त्याला जाईल.